पहाटे चारची हाक

डिसेंबरच्या १५-१६ तारखेला सूर्य धनू राशीत जातो आणि महाराष्ट्रातल्या जुन्या वळणाच्या घरांत धुंधुरमास सुरू होतो. त्याच दिवशी किंवा एखादा दिवस मागेपुढे तमिळनाडूत मार्गळी महिना लागतो आणि देवळांतून पहाटेचं तिरुप्पावै ऐकू येऊ लागतं. आणि १६ डिसेंबरलाच, उजाडायच्या खूप आधी, फिलिपिन्समधल्या चर्चची दारं ‘सिंबांग गाबी’साठी उघडतात. नाताळाच्या आदल्या दिवसापर्यंत ओळीने नऊ पहाटे चालणारी ही मिस्सा आहे. पहिल्या दोघांचा तिसऱ्याशी काडीचाही संबंध नाही. पहिल्या दोघांची तारीख सूर्याच्या राशीवरून ठरते, तिसरीची नाताळापासून नऊ दिवस मागे मोजून. तारखांचं जुळणं हा निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर इमले बांधायचं कारण नाही. पण काय केलं जातं, ते मात्र सारखं आहे: माणसं वर्षातल्या सगळ्यांत काळोख्या, गार दिवसांत ठरवून पांघरूण बाजूला करतात, आणि एकेकटी नव्हे, एकमेकांना हाक मारून उठतात. हे साम्य योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

कारण डिसेंबरबद्दल आज जे सांगितलं आणि विकलं जातं ते बरोबर याच्या उलट आहे. २०१६च्या सुमारास डेन्मार्कमधलं ‘हुग’ जगभर गाजलं. लोकरी मोजे, मेणबत्त्या, वाफाळता कप, दाराबाहेर थंडी आणि आत ऊब. त्यावर पुस्तकं आली आणि मागोमाग मेणबत्त्या-पांघरुणांच्या दुकानांनी तो शब्द उचलला. वर्षअखेरीला ‘स्वतःसाठी वेळ काढा’, ‘अंतर्मनाशी जोडले जा’ असं सांगणारी शिबिरं आणि रिसॉर्टं महाराष्ट्रातही आता कमी नाहीत. उबेला कुणाचाच विरोध नसतो. पण थंडीच्या दिवसांत माणसाला ज्या अर्थाची आणि सोबतीची ओढ लागते ती सोय वाढवून भागत नाही, हे या जुन्या रिवाजांना पक्कं ठाऊक होतं असं दिसतं. त्यांनी भर दिला तो एका नेमक्या, बेताच्या, सगळ्यांनी मिळून सोसायच्या गैरसोयीवर. या लेखाचं म्हणणं एवढंच आहे की हिवाळी सणांचा आध्यात्मिक भाग त्या गैरसोयीत आहे. ती काढून घेतली की उरतो तो सण चांगला असू शकतो, पण तो वेगळा असतो.

धुंधुरमासापासूनच पाहू. दक्षिणायन ही देवांची रात्र आणि उत्तरायण हा दिवस, म्हणून संक्रांतीआधीचा हा महिना म्हणजे देवांची पहाट, अशी त्यामागची धारणा. खगोलशास्त्राच्या अंगानेही त्यात एक गंमत आहे. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा, हे शाळेत शिकवतात. पण आपल्या अक्षांशांवर सूर्योदय त्यानंतरही रोज थोडाथोडा उशिराच होत राहतो, जवळजवळ जानेवारीच्या मध्यापर्यंत. म्हणजे दिवस मोठा होऊ लागला तरी सकाळ मागेच सरकत असते. धुंधुरमास नेमका या सरकत्या सकाळींच्या काळात येतो. सूर्योदयाच्या आत स्वयंपाक करून नैवेद्य दाखवायचा आणि उजाडताना जेवायला बसायचं. मुगाची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत. आहारशास्त्राचे दाखले देऊन या पदार्थांचं कौतुक करणारे लेख दर डिसेंबरात छापून येतात. थंडीत तीळ-बाजरी अंगाला मानवते हे खरंच आहे, पण ती दुपारी बारालाही तितकीच मानवते. पहाटेची अट आरोग्याने समजावता येत नाही. शेजाऱ्याला किंवा आप्तांना अशा वेळी जेवायला बोलावण्याची रीत तर मुळीच नाही. सकाळी सहाला पंगतीला आलेला पाहुणा हा झोप मोडून आलेला पाहुणा असतो आणि त्याचं येणं म्हणूनच वजनदार असतं.

मार्गळीत हे आणखी उघड आहे. श्रीविल्लिपुत्तूरच्या आण्डाळचं तिरुप्पावै तीस पदांचं, महिन्याच्या दिवसाला एक. तिरुमलेत या महिन्यात नेहमीच्या सुप्रभातम् ऐवजी तिरुप्पावै म्हटलं जातं. तिरुप्पावैत सुरुवातीलाच व्रताचे नेम सांगितले आहेत: तूप नको, दूध नको, काजळ नको, केसांत फूल नको, पहाटेची आंघोळ चुकवायची नाही. आणि मग सहाव्यापासून पंधराव्या पदापर्यंत, तिसातली चक्क दहा पदं, खर्ची पडतात ती झोपलेल्या मैत्रिणींना उठवण्यात. एकेका दाराशी जाऊन थट्टा करत, चिडवत, कधी रागावत. देवापाशी पोचायची घाई असलेली कवयित्री वाटेतल्या दारांवर काव्याचा तिसरा हिस्सा का थांबते? वैष्णव आचार्यांनी त्यावर पानंच्या पानं भाष्य केलं आहे, आणि भक्तांच्या संगतीशिवाय देवाकडे जाता येत नाही हा त्याचा एक मोठा धागा आहे. सत्ताविसाव्या पदात व्रत सुटतं तेव्हा दागिने येतात, नवी वस्त्रं येतात, तूप कोपरापर्यंत ओघळेल असा दूधभात येतो. आणि तो सगळ्यांनी एकत्र बसून खायचा आहे, हेही त्याच पदात आहे. तुपाचा त्याग, तुपाची चंगळ आणि त्यांच्या मधे दहा दारं, असा त्याचा क्रम आहे. तुपाचं महत्त्व कळायला आधी तूप सोडावं लागतं, हे कोणताही उपास करणारा सांगेल. दारांचं महत्त्व सांगायला मात्र आण्डाळच लागते.

सिंबांग गाबीपाशी जरा जास्त थांबायला हवं, कारण माझ्या म्हणण्याला सगळ्यांत मोठा छेद तिथूनच जातो. पहाटे तीन-चारला घंटा होते. बांबूच्या काड्यांचे आणि कागदाचे तारकाकृती कंदील, ज्यांना तिथे ‘पारोल’ म्हणतात, घराघरावर लटकलेले असतात. आपल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाशी त्यांचं साम्य कुणाच्याही डोळ्यांत भरेल. मिस्सा संपली की चर्चच्या आवारात केळीच्या पानावर भाजलेला तांदळाचा बिबिंका, बांबूच्या नळीत वाफवलेला जांभळा पुतो बुंबोंग आणि आल्याचा कढत काढा. नऊच्या नऊ पहाटे चुकवल्या नाहीत तर मनातली इच्छा पुरी होते अशी समजूत आहे. चर्च तिला फारसं उत्तेजन देत नाही, पण तरुण पोरंपोरी तिच्यावर भिस्त ठेवून नवसाच्या हिशेबाने हजेरी लावतात. मात्र ही मिस्सा इतक्या पहाटे का? कारण स्पॅनिश अमलात शेतकऱ्यांना उजाडताच शेतावर जायचं असे, त्याआधी त्यांना चर्चला येता यावं म्हणून. म्हणजे ज्याला मी गैरसोय म्हणतो आहे ती मुळात सोय होती! शेतकरी तसाही चारला उठणारच होता. मग शहरात संध्याकाळी सातला, किंवा थेट मॉलच्या मधल्या चौकात मिस्सा ठेवली, तर ती मूळ हेतूला अधिक धरून नाही का? फिलिपिन्समध्ये हे दोन्ही होतं. अमेरिकेतल्या फिलिपिनो वस्त्यांत तर संध्याकाळची सिंबांग गाबीच सर्रास असते, कारण तिथली बरीच माणसं पहाटे रुग्णालयांच्या किंवा इतर कामांच्या पाळ्यांवर निघालेली असतात.

आक्षेप खरा आहे आणि तो अर्धा मान्य करावाच लागतो. पहाट ही पवित्र आहे म्हणून नव्हे, कष्टकऱ्याच्या वेळापत्रकात ती बसत होती म्हणून निवडली गेली. पण याच इतिहासातला दुसरा अर्धा भाग नजरेआड होतो. शेतकरी चारला उठत असेल, नऊ दिवस सलग अंग धुऊन, ठेवणीतले कपडे घालून, मुलांना उठवून चर्चला मात्र तो एरवी जात नव्हता. आणि शेती सुटून शहरात आल्यावर, म्हणजे पहाटेचं कारण संपल्यावरही, मनिलातली माणसं पहाटेच्याच मिस्सेला गर्दी करत राहिली. कारण गेलं तरी रीत टिकली, याचा अर्थ तिला दरम्यान दुसरं काही मिळालं होतं. संध्याकाळच्या मिस्सेतही जे टिकून आहे ते पाहिलं की हे दुसरं काय ते कळतं: ओळीने नऊ दिवस. पाळी संपवून थकलेली परिचारिका नवव्या संध्याकाळीही येते, तेव्हा तिची गैरसोय तिच्या पणजीच्या गैरसोयीपेक्षा कमी नसते. घड्याळाचा काटा सरकला आहे, ताण तोच आहे. अडचण येते ती ‘नवांपैकी जमतील तेवढे करा’ म्हटल्यावर.

बाजाराने सगळं गिळलं, ही नेहमीची तक्रारही याच देशाच्या उदाहरणावर तपासता येते. फिलिपिन्समध्ये नाताळाची गाणी मॉलमध्ये सप्टेंबरच्या पहिल्या तारखेपासून वाजू लागतात; इंग्रजी महिन्यांच्या नावांत शेवटी ‘बर’ आला की सण आला, असा तिथला विनोदी हिशेब आहे. बाजारीकरणाने अध्यात्म मरत असतं तर ते तिथे सर्वांत आधी मरायला हवं होतं. तसं झालेलं नाही. चार महिने गाणी वाजतात आणि शेवटच्या नऊ दिवसांत लोक पहाटे उठतातही. बाजार वस्तू विकू शकतो, वातावरण विकू शकतो, अगदी शांतताही ‘पॅकेज’ करून विकू शकतो. तुमच्या वतीने चारला उठणारं कुणी त्याला अजून पुरवता आलेलं नाही. म्हणून बाजाराविरुद्ध दरवर्षी अग्रलेख लिहिण्याऐवजी जे विकत घेता येत नाही ते टिकवणं जास्त उपयोगाचं, असं मला वाटतं.

आतापर्यंतची उदाहरणं आनंदाची होती. पंजाबात याच दिवसांत शोकाची गैरसोय पाळतात. डिसेंबर १७०४मध्ये (काही अभ्यासक १७०५ मानतात) सरहिंदच्या सुभेदाराने गुरू गोविंदसिंगांच्या दोन धाकट्या मुलांना, जोरावरसिंग आणि फतेहसिंग यांना, धर्मांतर नाकारल्याबद्दल ठार केलं; त्यांना जिवंत भिंतीत चिणल्याची कथा शीख परंपरेच्या केंद्रस्थानी आहे. त्याआधी आजी माता गुजरींबरोबर त्यांना ‘ठंडा बुर्ज’ नावाच्या उघड्या, वाऱ्याच्या बुरुजात कैद करून ठेवलं होतं. त्या रात्रींची आठवण म्हणून पौषातले ते दिवस पंजाबातली अनेक कुटुंबं जमिनीवर झोपत असत, काही अजून झोपतात. त्या दिवसांत लग्नकार्य टाळतात. फतेहगढ साहिबला डिसेंबरच्या अखेरीस शहीदी जोड मेळा भरतो आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जागोजागी लंगर लागतात. पंजाबच्या डिसेंबरात फरशीवर पाठ टेकून काढलेली रात्र म्हणजे काय, हे वाचून कळणार नाही. शरीराला कळतं, आणि तेच तर अपेक्षित आहे. आठवण ठेवायचं काम इथे मनाकडे न देता पाठीकडे दिलं आहे. त्या मुलांचे वडील चार वर्षांनी आपल्या नांदेडला, गोदावरीच्या काठी, निवर्तले. तिथल्या हजूर साहिब गुरुद्वारामुळे महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही, पण नांदेडबाहेरच्या किती मराठी घरांत या रात्रींची माहिती असते, याबद्दल शंका आहे.

हे सगळं श्रद्धेच्या चष्म्यातून सुंदर दिसतं, प्रत्यक्षात गैरसोयीने माणसं जोडली जातात याला पुरावा काय, असं कुणी विचारेल आणि विचारावंच. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खेमने १९१२मध्येच म्हटलं होतं की एकत्र विधी करताना जी सामूहिक ऊर्मी उसळते तीच धर्माचा गाभा आहे. पण तो सिद्धान्त होता, मोजमाप नव्हतं. मोजमापाचा एक प्रयत्न मॉरिशसमध्ये झाला. दिमित्रिस झिगालातास आणि सहकाऱ्यांनी तिथल्या तमिळ समाजाच्या थैपूसम उत्सवात, अंगात सुया टोचून कावडी वाहणाऱ्यांची तुलना नुसत्या सामूहिक प्रार्थनेला बसलेल्यांशी केली. सहभागाबद्दल मिळालेल्या पैशांतून देवळाला गुपचूप किती द्यायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. कावडीवाल्यांनी प्रार्थनेवाल्यांपेक्षा लक्षणीय जास्त दिलं. आणि २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षातला अनपेक्षित भाग असा की कावडीसोबत चाललेल्या, स्वतः सुया न टोचलेल्या लोकांनीही भरभरून दिलं. दुसरा अभ्यास रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेसलर यांचा, २००३चा. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत आदर्श समाज उभारायला निघालेल्या ८३ वसाहतींचा हिशेब त्यांनी मांडला. ज्या धार्मिक वसाहती आपल्या सभासदांकडून जास्त त्याग मागत, खाण्यापिण्याचे, कपड्यांचे, मालमत्तेचे निर्बंध घालत, त्या जास्त वर्षं टिकल्या. धर्मनिरपेक्ष वसाहतींत मात्र निर्बंधांचा असा परिणाम दिसला नाही.

हा शेवटचा निष्कर्ष माझ्या सोयीचा नाही, म्हणून तो नीट पाहायला हवा. नुसता त्रास पुरत नाही, असंच तो सांगतो. ऑफिसच्या ‘टीम बिल्डिंग’ला लोणावळ्यात पहाटे पाचला कवायत करायला लावली म्हणून कुणी एकमेकांचं होत नाही, उलट व्यवस्थापकाबद्दल एकमुखाने शिव्या निघतात, आणि झाली तर तेवढीच एकी. त्रासाला अर्थ देणारं काहीतरी त्रासाच्या आधी तिथे असावं लागतं, आणि ते कुणा व्यवस्थापकाने ठरवलेलं नसावं लागतं. मग देव न मानणाऱ्याने काय करायचं? केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधल्या नाताळपूर्व गायनसेवेकडे इथे पाहता येईल. पहिल्या महायुद्धात आघाडीवर सैन्याचा धर्मगुरू म्हणून राहून आलेल्या एरिक मिलनर-व्हाइट यांनी १९१८च्या २४ डिसेंबरला ती सुरू केली. युद्ध संपून जेमतेम सहा आठवडे झाले होते. नेहमीची प्रार्थना त्या पिढीच्या कानावरून नुसती जाईल हे त्यांना दिसत होतं. नऊ वाचनं आणि मधे गाणी, इतका साधा तो आराखडा. १९२८पासून बीबीसी ती नभोवाणीवरून ऐकवते, १९३०चा अपवाद सोडून दरवर्षी. सुरुवातीचं कडवं एकटा लहान मुलगा गातो, आणि तो कोण हे त्यालाच अगदी ऐन वेळी कळतं. चर्चचं तोंड न पाहणारे असंख्य इंग्रज दुपारी तीनला हे ऐकतात. वर्षानुवर्षं आत जागा मिळवण्यासाठी पहाटेपासून गारठ्यात रांग लागत असे. घरी रेडिओ लावणाऱ्याला कसलीच गैरसोय नाही, असं वाटेल. पण तोही तीनलाच लावतो, स्वयंपाक त्याभोवती आखतो. श्रद्धा नसली तरी वेळ ठरलेली आहे आणि ती त्याने ठरवलेली नाही. मला वाटतं, अश्रद्धाला इतकं पुरू शकतं. सश्रद्धाइतकं खोल जाईल का, याचं उत्तर अमेरिकेतल्या त्या वसाहतींनी बहुधा आधीच दिलेलं आहे.

अध्यात्म ही आतली, एकट्याची गोष्ट आहे, गर्दी आणि घंटा ही त्यातली अडगळ, असा आक्षेप मराठी वाचकाकडून येणारच. आपल्याकडे एकांताचं माहात्म्य मोठं आहे. त्याला इगतपुरीचं उत्तर आहे. धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचंसुद्धा नाही, इतका एकांत पाळतात. आणि तिथेही पहाटे चारला घंटा होते, सगळ्यांसाठी एकच. ज्या साधनेत दुसऱ्याशी नजरही मिळवायची नाही ती करायला शेकडो माणसं एका आवारात, एका घंटेवर का उठतात? घरी बसून ते जमत नाही म्हणूनच. आळंदीला कार्तिक वद्यात समाधी सोहळ्यासाठी इंद्रायणीच्या काठी उघड्यावर कुडकुडणारा वारकरी हे सांगायला इगतपुरीला जाणार नाही, त्याला ते माहीतच आहे.

जास्त अवघड आक्षेप शेजाऱ्याचा आहे. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत गावोगाव पहाटे काकडा होतो. पूर्वी टाळ-मृदंगाचा आवाज वेशीपर्यंत जाई, आता कर्णा लावून तो साखर कारखान्यापर्यंत पोचवतात. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकाला मनाई करतात. त्यांच्यामुळेच मुंबईतल्या अनेक चर्चच्या आवारात होणारी नाताळची ‘मध्यरात्रीची’ मिस्सा दहाच्या आत आटोपते. यावर परंपरेचा गळा घोटला म्हणून ओरड करणं मला पटत नाही. स्वतः उठणं हे व्रत आहे. रात्रपाळी करून आलेल्याला कर्ण्याने उठवणं हे व्रत नव्हे. आण्डाळच्या मैत्रिणी दाराशी जाऊन हाक मारत होत्या आणि आतली मुलगी ‘आले’ म्हणू शकत होती, ‘नाही’ही म्हणू शकत होती. ध्वनिवर्धक नकाराची ती सोय ठेवत नाही.

राहिला तो प्रश्न घरातला आहे, आणि मला वाटतं तोच सर्वांत टोकदार आहे. धुंधुरमासात सहाला पंगत बसते तेव्हा तीनला कोण उठलेलं असतं? खिचडी, भाकऱ्या, भरीत आणि सोवळं हे सगळं एका बाईच्या झोपेतून येतं, आणि तिला जाग आणायला दाराशी कुणी मैत्रीण येत नाही. बाकीचे उठतात ते वासाने. इथे गैरसोय सामायिक नाही, ती एकीने सोसून इतरांना सोय म्हणून वाढलेली आहे. या लेखाच्या कसोटीवर असा धुंधुरमास नापास होतो, मग तो कितीही रीतीने पाळलेला असो. अनेक घरांत तो बंद पडला याचं दुःख करणाऱ्यांनी आधी हे विचारावं की तो बंद केला कुणी. बहुतेक ठिकाणी नोकरीला लागलेल्या सुनेने नव्हे, थकलेल्या सासूनेच सोडला असेल. लंगरमध्ये पुरुष कणीक मळतात, पोळ्या लाटतात, मोठमोठी पातेली घासतात, आणि ते कमीपणाचं न मानता सेवा म्हणून करतात. आपल्याच हजूर साहिबला हे रोज घडतं. वारीतही दिंडीच्या मुक्कामावर पुरुष चुलीपाशी दिसतात. म्हणजे मराठी पुरुषाला भाकरी थापता येत नाही असं नाही. घरच्या ओट्यापाशी, धनू संक्रांतीच्या पहाटे, तो अजून क्वचितच उभा राहिला आहे. काही शहरांत चार-सहा कुटुंबं मिळून एकाच्या घरी एकच दिवस धुंधुरमास करतात, कुणी भरीत आणतं, कुणी भाकऱ्या. त्याला पारंपरिक मंडळी ‘हौस’ म्हणून नाक मुरडतात. पण त्यात निदान सगळेच साडेचारला उठलेले असतात.